प्राचीन समलिंगी लग्नांवर लिहिताय? या चुका टाळा

इजिप्तमधल्या सक्काऱ्याच्या थडग्यातला तो फोटो तुमच्याकडेही फिरत आला असेल. नाकाला नाक लावून, एकमेकांना कवेत घेतलेले दोन पुरुष, आणि खाली ‘जगातलं पहिलं समलिंगी जोडपं’. नियांखखनुम आणि खनुमहोतेप हे इ.स.पू. २४०० च्या सुमाराचे, राजाची नखं राखणाऱ्यांचे प्रमुख. फोटो कापून वापरू नका. १९६४ साली सापडलेल्या त्याच थडग्यात दोघांच्या बायका-मुलंही कोरलेली आहेत. ते प्रेमी होते, भाऊ होते की जुळे, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

खरा घोळ होतो तो रोमचा. इ.स. ६४ मध्ये रोमन सम्राट नीरोने पायथागोरस नावाच्या माणसाशी लग्न लावलं (हा प्रमेयवाला नव्हे, तो कितीतरी शतकं आधीचा). रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की नवरीची ओढणी सम्राटाच्याच डोक्यावर होती. हुंडा, शेज, मशाली, सगळं साग्रसंगीत. म्हणून अशी लग्नं रोममध्ये कायदेशीर होती? छे! रोमन कायद्याला विवाह म्हणजे स्त्री-पुरुषाचाच माहीत होता. शिवाय टॅसिटस ही यादी देतो ती वाचणाऱ्याला किळस यावी म्हणून.

दुसरी चूक भाषांतरातली. लॅटिनमध्ये पुरुष ‘बायको आणतो’, स्त्री मात्र ‘ओढणी घेते’, क्रियापदंच वेगळी. रोमन कवी ज्युव्हेनल एका पुरुषासाठी मुद्दाम बाईचं क्रियापद वापरतो. त्याचं ‘मित्राचं लग्न आहे’ असं मराठी केलं की त्यातली नांगीच गळते. ‘मित्र नवरी होतोय’ म्हणा, मग टोमणा कळतो. त्याच कवितेत ग्रॅकस नावाचा पुरुष एका शिंग वाजवणाऱ्याला चार लाख सेस्टर्सचा (रोमन नाणी) हुंडा देतो. इतकी मालमत्ता असली तर माणूस ‘इक्वेस’ या प्रतिष्ठित वर्गात बसायचा. पण हे उपहासकाव्य आहे, लग्नाचं दप्तर नव्हे.

इ.स. ३४२ च्या रोमन कायद्याने अशा लग्नांवर बंदी आली, म्हणजे आधी परवानगी होती, हाही उलटा तर्क. त्या कायद्याची भाषा इतकी गोलमोल आहे की तो नेमका कशाबद्दल आहे यावरच वाद आहे.

आणि कृपा करून नीरो-स्पोरस यांची ‘प्रेमकथा’ लिहू नका. स्पोरस हा नीरोने खच्ची करवलेला पोरगा. तो नीरोच्या मेलेल्या राणीसारखा, पॉपियासारखा दिसायचा, म्हणून हवा होता. रोमन चरित्रकार सुएटोनियसने त्या दोघांच्या लग्नावर लोकांत चाललेला विनोदही टिपून ठेवलाय: नीरोच्या बापाला अशीच बायको मिळाली असती तर जगाचं भलं झालं असतं.