थंडीत गाडी आवाज करते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

हिवाळ्यात निफाड, महाबळेश्वर किंवा गोंदियाकडे पहाटे पारा 10 अंशांखाली उतरला की पहिल्या सेल्फला गाडी किंचाळते, खडखडते, कुरकुरते. दहा मिनिटांत सगळं गप्प. मग सवडीनं अकरा वाजता ती गॅरेजला जाते, मेकॅनिकला काहीच ऐकू येत नाही आणि अंदाजानं पार्ट बदलले जातात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. थंड इंजिनाचा आवाज थंड इंजिनातच सापडतो. गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला लावा आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकसमोर मारा. ते जमत नसेल तर बॉनेट उघडून पहिल्या सेल्फपासून दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. आवाज किती सेकंद टिकला, रेस दिल्यावर त्याची लय वाढली का, आणि तो गाडी उभी असताना येतो की चालताना, एवढं टिपून ठेवा. निम्मं निदान यातच होतं.

बेल्टला साबण, पावडर, ग्रीस

सुरू होताच येणारा ‘चींऽऽ’ बहुतेक वेळा फॅन बेल्टचा असतो. सेल्फ मारताना खर्च झालेला चार्ज बॅटरीत परत भरायचा म्हणून अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) लोड येतो. त्यात थंडीनं बेल्ट कडक झालेला आणि त्यावर दव, म्हणून तो पुलीवर घसरतो. साबण चोळला की आवाज तात्पुरता दबतो, पण बेल्टची पकड आणखी जाते.

खरी परीक्षा पाण्याची. इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीनं बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारा. बाही, ओढणी, हात पुलीपासून लांब ठेवा. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) थकलाय. काही सेकंद थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. नवा बेल्ट टाकूनही आवाज येत असेल तर चूक बहुधा इथेच असते. बेल्टवर कूलंट किंवा ऑइल गळतंय का, तेही बघा.

‘टिकटिक’ ऐकून जाड ऑइल ओतणं

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि थंडीत तो उलटा पडतो. 5डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 भरलं तर ते पहाटे टॅपेटपर्यंत (इंजिनाच्या वरच्या बाजूचे, व्हॉल्व्ह उघडणारे भाग) पोचायला जास्त वेळ घेतं, म्हणजे वरचे भाग तेवढा वेळ कोरडे फिरतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा असतो. मॅन्युअलमधला ग्रेड सोडू नका.

सुरू होताना एक-दोन सेकंद इंजिनातली टायमिंग चेन खडखडली तर बहुतेक गाड्यांत चिंता नाही. पाच सेकंदांच्या पुढे गेली तर आधी डिपस्टिकवर ऑइलची पातळी बघा, मग चेनचा टेन्शनर तपासून घ्या. ऑइलचा लाल दिवा विझत नसेल तर इंजिन ताबडतोब बंद.

टिकटिक टॅपेटचीच असते असंही नाही. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फाटलं की अगदी तसाच आवाज येतो, लोखंड तापून प्रसरण पावलं की फट बुजते आणि तो थांबतो. इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचे काळे फराटे आहेत का ते बघा. असतील तर टॅपेट सेटिंगचे पैसे वाया घालवू नका.

सेल्फ परत परत मारणं

‘टक-टक-टक’ असा भराभर आवाज म्हणजे बॅटरी कमजोर. एकच जोरकस ‘टक’ म्हणजे सोलेनॉइड (सेल्फ मोटरला करंट जोडणारा स्विच), सेल्फ मोटर किंवा सैल टर्मिनल. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत 12.6 व्होल्ट हवेत. 12.2 म्हणजे ती निम्मीच चार्ज आहे. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर असेल तर आधी निगेटिव्ह काढा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून घासा, पुसून कोरडं करा आणि निगेटिव्ह शेवटी जोडा. डिझेल गाडीत इंजिन तापवणाऱ्या कॉइलचा डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत सेल्फला हात लावू नका.

खालून डिझेल-ऑइलचा फवारा

गतिरोधकावरचा ‘कुई-कुई’ थंडीनं कडक झालेल्या सस्पेन्शनमधल्या रबरी बुशचा असतो. वॉशिंगनंतर मारलेल्या फवाऱ्यानं तो चार दिवस थांबतो, पण डिझेलनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि बुश लवकर फाटतो. रबराला सिलिकॉन स्प्रेच वापरा. ‘कुई’ऐवजी ‘खट्’ असा ठोका येत असेल तर सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बॉल जॉइंट हलवून बघा.

दवानं डिस्कवर चढलेला गंज पहिल्या तीन-चार ब्रेकमध्ये खरवडून जातो, तो आवाज सोडून द्या. पुढेही घासत राहिला तर पॅड 3 मिलिमीटरपर्यंत आलेत का बघा.

पहिल्या एक-दोन किलोमीटरचा ‘धप-धप’ रात्रभर एका जागी दबलेल्या टायरचा असू शकतो, आणि हवा कमी असली की तो वाढतो. दुपारी 30 अंशांत 33 पीएसआय भरलेली हवा पहाटे 8 अंशांत 29-30 वर येते. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.