श्रावणबाळचा पगार चालू करायचाय? आधी एवढं बघून घ्या

म्हाताऱ्या, निराधार माणसांना सरकारकडून महिन्याला जी पेन्शन मिळते तिला गावाकडं सगळे पगारच म्हणतात. म्हातारीचा पगार आला का, निराधारचा पगार चालू झाला का, असं. आत्याचं काम मी केलं तेव्हा तहसीलला निदान चार चकरा फुकट झाल्या कारण मलाच काही धड माहीत नव्हतं, म्हणून लिहून ठेवतोय.

पहिलं म्हणजे नावांच्या घोळात अडकू नका. वय ६५ झालं असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. ६५ च्या आतली विधवा, निराधार, दिव्यांग व्यक्ती असेल तर संजय गांधी निराधार. आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शन पण लागते, त्यात केंद्राचे २०० (८० च्या पुढं ५००) आणि वरचे राज्य सरकार घालतं. पण म्हातारा-म्हातारीच्या हातात शेवटी महिन्याला १५०० च, २०२३ च्या आधी हेच १००० होते.

आता खरी अडचण. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. वर्षाचं, महिन्याचं नाही! तीनशे रुपये रोजानं सत्तर दिवस कामाला गेलं की झाले एकवीस हजार. ही मर्यादा कुठल्या जमान्यात ठरवली देव जाणे, पण आहे ती आहे, आणि जास्तीत जास्त अर्ज इथंच अडकतात. त्यामुळं म्हातारी माणसं खरंच वेगळी राहत असतील, चूल वेगळी असेल, तर आधी रेशनकार्ड वेगळं करून घ्या. आत्याचं नाव पोराच्या कार्डावर होतं, पोरगा कंपनीत, मग उत्पन्नाचा दाखला कसा बसणार. कार्ड वेगळं झालं, मग तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलदारांचा दाखला, मगच फाईल पुढं सरकली. खोटा दाखला मात्र काढू नका, चौकशीत सापडला तर पगार बंद होतो आणि वसुलीपण लागू शकते.

कागदं साधीच आहेत. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेचा पुरावा, निदान १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा रहिवासी दाखला, बँक पासबुक, फोटो, आणि वयाचा पुरावा. यातला वयाचा पुरावा नीट बघा कारण आपल्या म्हाताऱ्यांच्या आधारवर निम्म्यांची जन्मतारीख १ जानेवारी आणि सालसुद्धा अंदाजे टाकलेलं. आधारवर ६२ आणि मतदान कार्डावर ६७ असं असेल तर आधी आधार दुरुस्त करा, शाळेचा दाखला नसेल तर सरकारी दवाखान्यात वयाचा दाखला मिळतो का ते विचारा.

अर्ज तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत, नाहीतर सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून. पोचपावती घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. सेतू केंद्राची ठरलेली फी सोडून कुणी "साहेबांना द्यावे लागतात" म्हणून दोन-तीन हजार मागत असेल तर सरळ उठून या. मंजुरी तालुक्याच्या समितीच्या बैठकीत होते आणि बैठक कधी लागेल याचा काही नेम नसतो, म्हणून महिन्यातून एकदा पावती घेऊन विचारायला जात राहायचं. फारच लांबलं तर तालुक्याच्या लोकशाही दिनात लेखी द्या, लेखी दिलं की फाईल जरा हलते.

मंजूर झालं तरी पैसे येत नाहीत, ही दुसरी बोंब. आता पैसे डीबीटीनं येतात, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, आणि तेही आधार ज्या खात्याला सीडिंग केलंय (जोडलंय) तिथं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नसतं, आणि दोन-तीन खाती असतील तर शेवटी जिथं सीडिंग झालं तिथं पैसे जातात. आत्याचे तीन महिने कुठल्यातरी जुन्या खात्यात पडत होते आणि आम्ही इकडं तहसीलला शिव्या घालत होतो. मायआधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, मोबाईल नंबर आधारला जोडलेला पाहिजे फक्त. बँक लांब असेल तर पोस्टमनला सांगा, पोस्ट पेमेंट बँकेचं खातं घरी येऊन काढून देतात आणि पैसेपण घरी आणून देतात.

अजून एक, लाडकी बहीणचे १५०० घेणाऱ्या बायकांना ६५ नंतर ते पैसे मिळत नाहीत. घरात कुणी ६४ ची असेल तर रेशनकार्ड आणि दाखल्यांचं काम आत्ताच सुरू करा. फक्त तिथं मर्यादा अडीच लाख होती आणि इथं एकवीस हजार, त्यामुळं सगळ्यांचं बसेलच असं नाही.

आणि चालू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला. अंगठा उमटत नसेल तर चेहऱ्यानं होतं का विचारा, आत्याचं शेवटी तसंच झालं.