मॉडिफाय केलेल्या गाडीत नवे सेन्सर आणि लॉगिंग: आधी वायरिंग बघा

टर्बो बसवलेल्या गाडीत मला आधी तीन आकडे हवे असतात: ऑइल प्रेशर, ऑइलचं तापमान आणि एक्झॉस्टमधला लॅम्डा (हवा-इंधनाचं मिश्रण आदर्श मिश्रणाच्या किती पट आहे ते; १ म्हणजे अगदी आदर्श). पण गाडी रत्नागिरी-मालवणकडे राहत असेल, तर नवा सेन्सर घेण्याआधी जुने कनेक्टर उघडा. एका पावसाळ्यानंतर माझ्या कूलंट सेन्सरच्या पिनांवर, पितळी भांड्यावर चढतो तसा हिरवा गंज चढला होता. हा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. गंजाने रेझिस्टन्स वाढतो आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिन आहे त्याहून गार भासतं. हे फार धोक्याचं आहे.

तारा सोल्डर करू नका, क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा). थरथरीने सोल्डरच्या कडेलाच तार तुटते. वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आकसणारी नळी) चढवा. सेन्सरची ग्राउंड बॉडीला जोडू नका, ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंडलाच न्या. मग इंजिन, पंखा, हेडलाइट चालू ठेवून सेन्सरची ग्राउंड पिन आणि ईसीयूची सेन्सर-ग्राउंड पिन यांच्यामध्ये व्होल्टवर ठेवलेला मल्टिमीटर लावा. आकडा शून्याला टेकलेला हवा. १० बारच्या, ०.५ ते ४.५ व्होल्टच्या प्रेशर सेन्सरमध्ये ०.१ व्होल्टची चूक म्हणजे पाव बार.

लॅम्डा मोजणारा वाइडबँड सेन्सर टर्बोनंतर, डाउनपाइपमध्ये (टर्बोतून बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपमध्ये), आडव्यापेक्षा किमान १० अंश वर कललेला बसवा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. आकडा लॅम्डातच वाचा. शुद्ध पेट्रोलचं आदर्श मिश्रण वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा, ई-२० चं (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं) साधारण १३.५, लॅम्डा मात्र दोन्हीकडे १ च.

आता बिनखर्चाची तपासणी. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्ट न करता नुसती चावी फिरवा. कूलंट, ऑइल, हवा, तिन्ही तापमानं जवळपास सारखी दिसली पाहिजेत. मॅप सेन्सरने (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) किनाऱ्यावर १०० ते १०१ किलोपास्कल दाखवावं. ६०० मीटर चढून गेलात की सहा-सात कमी.

लॉगिंगला (आकडे नोंदवून ठेवायला) प्रेशर आणि आरपीएम सेकंदाला ५० वेळा घ्या, तापमानाला एकदा पुरतं. फुल थ्रॉटल डायनोवरच (गाडी जागेवर रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच). आंबा घाट मात्र शांतपणे, एकाच गिअरमध्ये चढा आणि ऑइलचं तापमान कुठे स्थिरावतं ते घरी येऊन पाहा. प्रेशर फक्त वळणांवर बुडत असेल, तर ऑइल चेंबरमध्ये एका बाजूला सरकून पंपाची जाळी उघडी पडतेय. डिपस्टिक काढून लेव्हल बघा, आणि ती बरोबर असेल तर चेंबरला बॅफल (ऑइल सरकू न देणारी आडवी पट्टी) बसवेपर्यंत गाडी जोरात चालवू नका.