गोव्याहून नेपाळला सेवाकार्यासाठी रेल्वे-बसने निघताय? या चुका टाळा

डोंगरातल्या शाळेत शिकवायला, आरोग्य शिबिरात मदतीला किंवा एखाद्या मिशनच्या कामासाठी गोव्यातून नेपाळला जाणारी मंडळी तयारी करतात ती तिथल्या कामाची. वाटेचं वाटेत बघू म्हणतात. मडगावहून गोवा एक्सप्रेस, झाशी किंवा दिल्लीला गाडी बदलून गोरखपूर, तिथून तीनेक तासांवर सुनौली, पायी सीमा ओलांडून भैरहवा आणि पुढे काठमांडू किंवा पोखऱ्याची बस. एकदा सीट मिळाली की सहसा कोणी अडकत नाही. घोळ होतात ते एक गाडी सोडून दुसरी धरायच्या मधल्या तासांत.

आधार आहे ना, मग झालं!

नाही झालं. भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण ओळख म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र धरतात. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना आधारवर सोडतात. मधल्यांनी त्यावर विसंबू नये.

गोव्यात याहून मोठा खड्डा पोर्तुगीज पासपोर्टचा. एकाच गटात दोघांकडे भारतीय आणि तिसऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असणं आपल्याकडे नवलाचं नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते) म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यामुळे त्या तिसऱ्याला नेपाळचा व्हिसा घ्यावाच लागतो. सीमेवर मिळतो: १५ दिवसांना ३० डॉलर, ३० दिवसांना ५०, ९० दिवसांना १२५. डॉलर रोख ठेवा आणि परतीसाठी ओसीआय कार्ड जवळच असू द्या. सुनौलीची कमान इतकी मोकळी आहे की रिक्षावाला बोलता बोलता पलीकडे नेऊन सोडतो आणि भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का राहून जातो. असं झालं तर त्याच पावली मागे फिरा, भारतीय इमिग्रेशनमध्ये शिक्का घ्या आणि मग पुढे जा. आणखी एक: पर्यटक व्हिसावर परदेशी माणसाला सेवाकाम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. कोणता व्हिसा लागेल हे यजमान संस्थेकडून निघण्याआधीच लेखी घ्या. ‘इकडे या, बघून घेऊ’ म्हणणाऱ्या संस्थेवर माझा तरी विश्वास बसत नाही.

घड्याळ आणि तारीख

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. फोन भारतीय टॉवर पकडून बसला असेल तर सीमेपलीकडेही आपलीच वेळ दाखवतो. तिथली सातची बस म्हणजे आपली पावणेसातची. तिकिटावर तारीख विक्रम संवताची असू शकते, आणि ते महिने सौर असल्याने आपल्या कॅलेंडरशी जुळत नाहीत. ‘असार १२’ म्हणजे साधारण २६ जून. काउंटरवरच इंग्रजी तारीख विचारून तिकिटाच्या मागे लिहून घ्या.

आयसी की एनसी?

दुकानदाराने असं विचारलं तर गोंधळू नका. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, हा दर ठरलेला आहे. भाडं ठरवताना ‘कुठले रुपये?’ हे आधी विचारा; उतरताना वाद घालून उपयोग नसतो. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. नेपाळच्या थेट बसचं तिकीट गोरखपुरात दलालाकडून घेऊ नका, सीमा ओलांडून घ्या.

पावसाळ्यातली रात्रीची बस

चोर्ला आणि अनमोड घाट पाहिलेल्याला वाटतं, घाट म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. काठमांडूच्या वाटेवरचा नारायणगड ते मुग्लिन हा रस्ता वेगळा आहे: एका अंगाला ठिसूळ डोंगर, दुसऱ्या अंगाला त्रिशूली. १२ जुलै २०२४ ला पहाटे सिमलतालजवळ दरड आली आणि दोन बस प्रवाशांसकट नदीत गेल्या. जून ते सप्टेंबरमध्ये हा टप्पा दिवसाच करा, एक रात्र भैरहव्यात काढावी लागली तरी चालेल. रस्ता बंद झाला तर बस सोडून अनोळखी जीप धरू नका. पाणी, सुका खाऊ आणि टॉर्च डिक्कीत न टाकता मांडीवरच्या पिशवीत ठेवा, कारण रांग हलायला अख्खा दिवस जाऊ शकतो. कामावर हजर व्हायच्या तारखेआधी दोन दिवस मोकळे ठेवा. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या. गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही.

बॅगेतली फेणी

यजमानांना भेट म्हणून काजूची फेणी न्यायचा मोह आवरा. सुनौलीऐवजी रक्सौलमार्गे जाणार असाल तर वाटेत बिहार लागतं आणि तिथे २०१६ पासून दारूबंदी आहे. बाटली एक असली तरी गुन्हा तो गुन्हाच. खाजे न्या. सुके बांगडे मात्र बंद बसमध्ये नको, शेजारच्यावर दया करा.

मिशन म्हणजे नेमकं काय?

हे घरीच स्पष्ट करून घ्या. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाचं कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं, आणि फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. वाटायची पत्रकं बॅगेत भरू नका, मग धर्म कोणताही असो. पैसे घेऊन अनाथाश्रमात ‘सेवेची संधी’ देणाऱ्यांपासून तर लांबच राहा. तिथल्या कित्येक मुलांचे आईबाप हयात असतात आणि पाहुणे येत राहावेत म्हणून मुलं ठेवलेली असतात.

शेवटचा टप्पा

मोठी बस जिल्ह्याच्या गावापर्यंत जाते. वरच्या वस्तीची जीप बऱ्याचदा सकाळीच निघून गेलेली असते. यजमानांकडून जीपची वेळ, उतरायच्या चौकाचं नाव आणि मुक्कामाची सोय कागदावर घ्या, कारण भारतीय सिम तिथे रोमिंग पॅकशिवाय मुकं असतं. साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. त्या दिवशी पोचलात तर कचेरीला कुलूप दिसेल, म्हणून किल्ली कोणाकडे आहे हे शुक्रवारीच फोन करून विचारा.