समासातलं टिंब: लेखनाचं संशोधन वर्गात उतरवताना

लेखन शिकवण्यावरचं संशोधन वाचलं जातं, पण वर्गात क्वचितच उतरतं. बहुतेकदा निष्कर्ष तेवढा उचलला जातो आणि पद्धत मागेच राहते. म्हणून एका वेळी एकच पद्धत घ्या.

सुरुवातीला रिचर्ड हॅस्वेल यांची घ्यावी. या अमेरिकी प्राध्यापकांनी १९८३ मध्ये मांडलेली युक्ती अशी: निबंधातल्या वरवरच्या चुका शिक्षकाने सुधारायच्या नाहीत, चूक असलेल्या ओळीसमोर समासात फक्त खूण करायची. विद्यार्थ्यांनी सुमारे ६० टक्के चुका स्वतः शोधून दुरुस्त केल्या. हॅस्वेल यांची खूण होती टिकमार्क. आपल्याकडे टिक म्हणजे बरोबर, तेव्हा टिंब द्या. एका ओळीत दोन चुका असतील तर दोन टिंबं.

चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारू नका. रेघ मारली की शोधायचं काम संपलं, आणि खरी शिकवण त्या शोधण्यातच आहे. वह्या तासाच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला परत द्या; १५ मिनिटं वर्गातच दुरुस्तीला द्या, घरी दिलं की मोठी भावंडं दुरुस्ती करतात. गुण दुरुस्तीनंतरच सांगा, नाहीतर आकडा पाहून वही मिटते.

आता उरलेल्या चुका पाहा. समजा ओळ आहे: ‘बहीणीने फूलाला पाणी घातल.’ तीन टिंबं. मोठ्याने वाचलं की ‘घातल’चं ‘घातलं’ बहुतेक मुलं करतील; ते अनवधान होतं. ‘बहीणीने’ आणि ‘फूलाला’ तसेच राहतील, कारण बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक फारसा ऐकू येत नाही. इथे टिंबाचा उपयोग नाही, इथे नियम शिकवायचा: प्रत्यय लागताना उपान्त्य (म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला) दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो, बहीण–बहिणीने, फूल–फुलाला, तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या) शब्दांत होत नाही, शरीर–शरीराला. म्हणजे पुढचा पाठ पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने नाही, उरलेल्या टिंबांवरून ठरतो. इंग्रजीतली ती ६० टक्क्यांची अपेक्षा मराठी वहीवर लादू नये, तीही याच कारणाने.

आशयावरचे शेरे याच फेरीत लिहू नका. लेखन-अध्यापनाच्या अमेरिकी संशोधक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं की ‘हे वाक्य सुधार’ आणि ‘हा परिच्छेद पुन्हा लिही’ असं शिक्षक एकाच कागदावर सांगतात; जो परिच्छेद मुळात बदलायचा आहे त्यातलं वाक्य घासूनपुसून काय उपयोग? आधी आशयाची फेरी, मग टिंबं.

महिन्याभराने तेवढ्याच अवघड विषयावर निबंध घ्या आणि दर १०० शब्दांमागे चुका मोजा. एकूण चुका मोजल्या तर जास्त लिहिणारं मूल विनाकारण मागे पडलेलं दिसतं. अनवधानाच्या आणि नियमाच्या चुका वेगवेगळ्या रकान्यांत टाका. या महिन्यात दुसरं काही नवं सुरू केलं असेल, रोजचं शुद्धलेखन वगैरे, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.