घट्ट कुरळ्या केसांचं हेअर ट्रान्सप्लांट: पद्धत निवडताना या चुका टाळा

घट्ट कुरळा केस नुसता कातडीच्या वर वळलेला नसतो. त्याचं मूळही आत विळ्यासारखं वाकलेलं असतं, आणि ते किती वाकलंय, कुठल्या बाजूला वाकलंय, हे वरून बघून नीट कळत नाही. अशा केसांच्या ट्रान्सप्लांटमध्ये जे बिघडतं, त्यातलं बरंचसं याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बिघडतं. डोक्याच्या मागच्या डोनर भागातले, म्हणजे जिथून केस काढतात तिथले, केस मोजकेच असतात. काढताना जे मूळ कापलं जातं, ते पुढे उगवेल याची खात्री नसते आणि ते भरून काढणं सोपं नसतं. म्हणून ही निवड घाईने करू नका.

जाहिरातीतल्या नावावरून पद्धत ठरवणं

केस काढण्याच्या मुख्य पद्धती दोनच. एफयूटीत मागच्या बाजूने कातडीची पट्टी कापून घेतात, तिथे टाके घालतात आणि त्या पट्टीतून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचा बारीकसा पुंजका, सोडवतात. एफयूईत बारीक गोल पंचने, म्हणजे पोकळ नळीसारख्या पात्याने, एकेक ग्राफ्ट थेट डोक्यातून काढतात. ‘डीएचआय’ आणि ‘सफायर’ ही नावं पुढच्या टप्प्याची आहेत: ग्राफ्ट पोकळ सुईच्या पेनसारख्या उपकरणाने लावायचा की नाही, आणि त्यासाठी छेद कुठल्या पात्याने द्यायचा. तुमची खरी अडचण त्याआधीच्या टप्प्यावर, केस काढताना आहे. तेव्हा ‘आम्ही डीएचआय करतो’ असं कुणी म्हटलं, तर केस काढणार कसे, ते विचारा. वाकडा ग्राफ्ट पेनच्या अरुंद सुईत भरताना दबू शकतो, हेही विचारात घ्या.

एफयूई नेहमीच चांगली असं मानणं

एफयूईचा पंच सरळ आत जातो, मूळ मात्र वळलेलं असतं. सरळ केसांवर 0.8 ते 1 मिलिमीटरचा पंच सहसा पुरतो. घट्ट कुरळ्या केसांना बऱ्याचदा 1 ते 1.2 मिलिमीटरचा लागतो, म्हणजे वळणासकट मूळ आत मावतं. पण पंच मोठा झाला की प्रत्येक केसामागे राहणारा ठिपकाही मोठा होतो. ‘एफयूईत व्रण राहत नाही’ हे त्यामुळे खरं नाही. रेषेऐवजी ठिपके राहतात, इतकंच. सावळ्या-काळ्या कातडीवर ते फिकट पांढरे दिसू शकतात.

एफयूटीत ग्राफ्ट सोडवणाऱ्याला मुळाचं वळण डोळ्यांना दिसत असतं. त्यामुळे मुळं कमी कापली जातात, आणि बऱ्याच कुरळ्या डोक्यांसाठी ती पद्धत अधिक सुरक्षित ठरते. पण मागे लांब रेघ राहते. मागचे केस अगदी बारीक ठेवायची सवय असेल तर ती उघडी पडेल. लांब केस ठेवणाऱ्याला मात्र नुसत्या रेघेच्या धास्तीने एफयूटी नाकारण्याचं कारण नाही. कुरळ्या केसांसाठी खास बनवलेले, वळणाबरोबर जाणारे पंचही आता आहेत, पण ते सर्जनच्या हाताला सवयीचे हवेत. सर्जनने तुमच्यासारख्या केसांची किती ट्रान्सप्लांट केली आहेत, यंत्राच्या नावापेक्षा मी त्याला जास्त वजन देईन. त्याच प्रकारच्या केसांचे वर्षभरानंतरचे फोटो मागा, आणि डोनर भागाचेही मागा. ते सहसा कुणी आपणहून दाखवत नाही.

चाचणी न करता मोठं सत्र घेणं

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एफयूई करायचीच असेल, तर आधी थोडेच ग्राफ्ट काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. याला फॉक्स चाचणी म्हणतात. विल्यम रासमन आणि रॉबर्ट बर्नस्टीन या हेअर ट्रान्सप्लांट सर्जननी 2002 साली एफयूईवरच्या लेखात ती मांडली. तिच्यात 1 ते 5 अशा पायऱ्या आहेत: 1 म्हणजे ग्राफ्ट अखंड सुटून येतात, 5 म्हणजे बहुतेकांची नासधूस होते. निकाल वाईट आला, तर पंच, खोली किंवा पद्धत तिथेच बदलता येते. आधी चाचणी करायला तयार नसलेल्या सर्जनकडे एकदम हजारो ग्राफ्टचं सत्र घेऊ नका. आणखी एक: डोनर भाग पार गुळगुळीत करू नये. वर थोडा खुंट ठेवला तर वळणाचा निदान अंदाज येतो.

केस का गेले, हे न शोधता रोपण करणं

पुढच्या कडेचे आणि कानशिलांवरचे केस घट्ट वेण्यांनी किंवा जोडकेसांच्या ओढीने गेले असतील, तर आधी ती ओढ थांबवावी लागते. नाहीतर लावलेले केसही त्याच वाटेने जातील. टाळूच्या मध्यावर विरळ होत बाहेर पसरणारं टक्कल, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये, व्रण करणाऱ्या आजाराचं असू शकतं. त्याला सीसीसीए म्हणतात. कधी खाज किंवा हुळहुळेपणा असतो, कधी काहीच नाही. संशय असेल तर कातडीचा तुकडा काढून तपासून घ्या. आजार चालू असताना रोपण केलं तर ग्राफ्ट वाया जातात. तो निदान वर्षभर शांत असावा लागतो. मानेवर केसांच्या खालच्या कडेला टणक पुळ्या येत असतील, तर तिथून केस घेऊ नयेत.

केलॉइडचंही तसंच. कान टोचल्यावर, भाजल्यावर किंवा टाक्यांनंतर मूळ जखमेपेक्षा मोठी, फुगलेली गाठ उठली असेल, तर न विचारताही डॉक्टरांना सांगा. घरातल्या कुणाला असेल तरी सांगा. कधी छोट्या जागी प्रयोग करून काही महिने वाट बघावी लागते, कधी शस्त्रक्रियाच टाळावी लागते.

ग्राफ्टच्या आकड्याला भुलू नका. कुरळा केस कातडी जास्त झाकतो, त्यामुळे सरळ केसांपेक्षा कमी ग्राफ्टमध्ये काम भागू शकतं.

नंतर काही बिघडल्यासारखं वाटलं तर

लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात. हे अपेक्षितच आहे. तीन-चार महिन्यांनी नवे केस डोकावतात, पण घट्ट कुरळे केस लांबायला वेळ घेतात आणि वळलेले असल्याने आणखी आखूड दिसतात. वर्ष होईपर्यंत ‘फसलं’ असा निकाल देऊ नका आणि दुसरं सत्रही घेऊ नका. वर्षानंतरही जागा विरळच राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडून आधी जुना आजार परतला नाही ना, हे तपासून घ्या.

मधल्या काळात वळलेला केस कातडीतच अडकून पुळ्या येतात. त्या फोडू नका. एखाद-दुसरी असेल तर ओला गरम शेक पुरतो. पू, ताप किंवा पसरणारी लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. व्रण जाड होऊ लागला, खाजू लागला, तर महिनोन्‌महिने वाट बघत बसू नका. जाड होणाऱ्या व्रणात स्टेरॉइडचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल, तितका तो आटोक्यात राहण्याची शक्यता जास्त.