डूमच्या वॅड फाईलमध्ये दडलेलं सामान कसं शोधायचं

मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेलो की मामेभावाच्या कॉम्प्युटरवर डूम टू हा राक्षसांना गोळ्या घालायचा गेम चालायचा, आणि शेवटच्या लेव्हलला तो भिंतीएवढा राक्षसाचा चेहरा समोर आला की एक घोगरं, कुठल्याच भाषेतलं नाही असं बोलणं ऐकू यायचं. दादा म्हणायचा, ते मंत्र आहेत. आम्ही खरं मानायचो आणि रात्री ती लेव्हल लावायचोच नाही. पुढे खूप वर्षांनी मी स्वतः त्या गेमची फाईल उघडली, आवाज बाहेर काढला, उलटा फिरवून ऐकला आणि त्या दिवसापासून हा नाद लागला तो लागलाच. तर हे कसं करायचं ते सगळं सांगतो. प्रोग्रामिंग यायला पाहिजे असं काही नाही, फक्त घाई नको.

आधी फाईल कुठली ते बघू. डूम टेक्सासच्या आयडी सॉफ्टवेअरने १० डिसेंबर १९९३ ला काढला आणि त्यांनी एक मोठं काम केलं, इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्राम, वेगळं ठेवलं आणि लेव्हल, चित्रं, आवाज, म्युझिक सगळं एका वेगळ्या फाईलमध्ये भरलं, तीच ही वॅड फाईल. लोकांना स्वतःच्या लेव्हल बनवता याव्यात म्हणून मुद्दाम असं केलं, आणि म्हणूनच आज आपल्याला कुलूप वगैरे काही तोडावं लागत नाही, दार उघडंच आहे. पहिला एपिसोड शेअरवेअर, म्हणजे फुकट वाटायचा नमुना होता, त्याची डूम१.वॅड फुकट मिळते, सरावाला तीच घ्या. डूम टू विकत घ्यावा लागतो, पण सेल लागला की स्वस्तात मिळतो. एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा, फाईलची कॉपी काढा आणि फक्त कॉपीवर काम करा, मूळ फाईलला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

आता सरळ टूलवर उडी मारू नका. आधी एखाद्या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलमधले बाइट जसेच्या तसे १६ च्या पाढ्यातल्या (हेक्स) आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये (विंडोजवर एचएक्सडी मस्त आहे) डूम१.वॅड उघडा आणि पहिले १२ बाइट बघा. १.९ व्हर्जन असेल तर असं दिसेल: ४९ ५७ ४१ ४४, मग एफ० ०४ ०० ००, मग बी४ बी७ ३एफ ००. पहिले चार म्हणजे आय-डब्ल्यू-ए-डी ही अक्षरं. पुढचे चार म्हणजे आत किती वस्तू आहेत तो आकडा, पण उलट्या क्रमाने लिहिलेला, म्हणून तो ०४एफ० असा वाचायचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यांत १२६४. शेवटचे चार म्हणजे त्या वस्तूंची यादी फाईलमध्ये कुठे सुरू होते ती जागा, ३एफबी७बी४, म्हणजे ४१७५७९६. यादीतली प्रत्येक नोंद १६ बाइटची असते, ४ जागेचे, ४ साइझचे, ८ नावाचे. आता १२६४ गुणिले १६ करा, २०२२४ येतात, ते ४१७५७९६ मध्ये मिळवा, ४१९६०२०. मग फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. बरोब्बर ४१९६०२० बाइट! मला हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा जो आनंद झाला तो अजून लक्षात आहे, कारण तिथे कळतं की यात जादू काही नाही, कुणीतरी नीट मांडून ठेवलेलं सामान आहे आणि त्याची यादी आता आपल्या हातात आहे.

या वस्तूंना लंप म्हणतात. काही लंप शून्य साइझचे दिसतील, घाबरू नका, त्या नुसत्या पाट्या आहेत. लेव्हलचं नाव ही अशीच एक पाटी, तिच्या मागे त्या लेव्हलचे सगळे लंप ओळीने येतात.

यापुढचं काम स्लेड नावाच्या फुकट एडिटरमध्ये करा. डूम टू ची फाईल उघडा आणि सर्चमध्ये डी-एस-बी-ओ-एस-एस-आय-टी टाइप करा (लंपची नावं अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाकायची). हाच तो आमचा मंत्र. वॅव्ह करून एक्सपोर्ट करा, ऑडॅसिटीत उघडा, सगळं सिलेक्ट करून इफेक्टमधलं रिव्हर्स मारा आणि हेडफोन लावून ऐका. आवाज जाड केलेला आहे पण शब्द कळतात, की गेम जिंकायचा असेल तर तुला मला मारावं लागेल, मला, जॉन रोमेरोला. रोमेरो म्हणजे डूम बनवणाऱ्यांपैकीच एक. झालं असं की टीममधल्या मंडळींनी गंमत म्हणून त्याचंच मुंडकं त्या राक्षसाच्या आत टार्गेट म्हणून लपवलं होतं, ते त्याला सापडलं आणि मग त्याने उलट उत्तर म्हणून हे रेकॉर्ड केलं. ते मुंडकं बघायचं असेल तर बी-बी-आर-एन ने सुरू होणारे लंप उघडा, चित्र समोर येईल. गेममध्येच बघायचं तर चीट वापरा, शेवटच्या लेव्हलला जायला आयडीक्लेव्ह३० टाइप करा, मग मरू नये म्हणून आयडीडीक्यूडी, मग भिंतीतून जायला आयडीक्लिप, आणि सरळ त्या भिंतीतून आत चालत जा. आम्ही लहानपणी त्या भिंतीवर किती रॉकेट मारले असतील, आणि हा बाबा आत काठीवर बसलेला.

दुसरी जागा म्हणजे लेव्हलमधल्या वस्तू. थिंग्ज नावाच्या लंपमध्ये प्रत्येक वस्तूला १० बाइट असतात, एक्स, वाय, दिशा, प्रकार आणि फ्लॅग, म्हणजे वस्तू कधी दिसावी वगैरे सांगणाऱ्या चालू-बंद खुणा. फ्लॅगमध्ये १६ चा बिट चालू असला की ती वस्तू फक्त मल्टिप्लेअरमध्ये येते, एकट्याने खेळताना गेम तिला टाकतच नाही. म्हणजे ज्या लेव्हल आपण तोंडपाठ आहेत म्हणतो त्यात आपण कधीच न बघितलेल्या बंदुका पडलेल्या आहेत. स्लेडच्या मॅप एडिटरमध्ये पहिलीच लेव्हल उघडून वस्तूंचे फ्लॅग तपासा. प्रत्यक्ष उचलायच्या असतील तर चॉकलेट डूम (आजच्या कॉम्प्युटरवर डूम चालवणारा प्रोग्राम) सोलो-नेट ऑप्शन देऊन चालवा, एकटेच असलात तरी गेमला वाटतं नेटवर्क चालू आहे.

इंजिनचा सोर्स कोडही वाचा, तो २३ डिसेंबर १९९७ लाच मोकळा केलाय. तिथे २३ नंबरची एक वस्तू आहे, मेलेला लॉस्ट सोल, म्हणजे गेममधली ती उडती कवटी. बाकीची मढी लेव्हलभर पडलेली असतात, पण याला त्या कवटीच्या मरणाची शेवटची फ्रेम दिली आहे आणि ती फ्रेम ६ टिकमध्ये संपून वस्तूच गायब होते. टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा ठोका, सेकंदाला ३५ टिक, म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत खेळ खलास. स्वतः एक लेव्हल बनवून ती वस्तू ठेवून बघा, तुम्ही चालायला लागेपर्यंत ती नसेल.

न वापरलेली टेक्श्चर, म्हणजे भिंतींवर लावायची चित्रं, शोधायची असतील तर कष्ट आहेत. टेक्श्चर१ लंपमधली सगळी नावं एका यादीत घ्या, सगळ्या लेव्हलच्या साइडडेफमध्ये (भिंतीच्या कुठल्या बाजूला कुठलं चित्र ते सांगणारा लंप) आलेली नावं दुसऱ्या यादीत, आणि वजाबाकी करा. पण उरलेलं सगळं बिनवापराचं असं लगेच जाहीर करू नका, मी ही चूक केली आहे आणि चांगला तोंडघशी पडलोय. बटणाच्या टेक्श्चरच्या जोड्या असतात, दाबल्यावरचं दुसरं चित्र लेव्हलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, ते कोडमधून येतं. हलणाऱ्या टेक्श्चरच्या मधल्या फ्रेमचंही तेच. हे दोन प्रकार आधी बाजूला काढा, मग जे उरेल त्यावर बोला.

आणि सीक्रेट, म्हणजे लेव्हलमधल्या लपवलेल्या जागा. लेव्हलच्या जमिनीचे तुकडे म्हणजे सेक्टर. सेक्टर लंपमध्ये प्रत्येक सेक्टर २६ बाइटचा, त्यात स्पेशलच्या जागी ९ असेल तर तो सीक्रेट. पण कोड बघितलात तर कळेल की खेळाडूचे पाय त्या सेक्टरच्या फरशीला टेकले तरच सीक्रेट मोजलं जातं. आता डूम टू ची १५ वी लेव्हल एडिटरमध्ये उघडा आणि ९ वाले सेक्टर एकेक करून बघा. त्यातला एक टेलिपोर्टरचाच आहे, म्हणजे खेळाडूला क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या जागेचा. आत पाय टाकायला गेलं की फरशीला टेकायच्या आधीच तुम्ही दुसरीकडे फेकले जाता, त्यामुळे चीट न वापरता तिथली शंभर टक्के सीक्रेट मिळवणं कुणालाच जमत नव्हतं. २०१८ मध्ये झिरो मास्टर नावाने खेळणाऱ्याने ते केलं, पेन एलिमेंटल या राक्षसाला आपल्याला आत ढकलायला लावून. गेम आला होता १९९४ मध्ये. चोवीस वर्षांनी का होईना, रोमेरोने स्वतः ट्विटरवर त्याचं अभिनंदन केलं.